रऊफभाईंची गुरुवारची फेरी

रऊफभाई कुणाच्याही अंगणात शिरण्याआधी बाहेर उभे राहून स्वतःचं नाव सांगत. घर वीस वर्षांच्या ओळखीचं असलं तरी.

‘ताप आहे का’ असं विचारत नसत. ‘रात्री गोधड्या किती घेतल्या?’ असं विचारत.

बोटाला सुई टोचण्याआधी माणसाला त्याच्या म्हशीबद्दल विचारत. तो म्हशीचं सांगायला लागला की टोचत.

रक्त पुसलेला कापूस अंगणात टाकत नसत. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवत. खैरुनबी, त्यांची बायको, कपडे धुताना रोज त्यावरून भांडत.

लग्नाला गेले तरी आधी दाराशेजारची भिंत वाचत. मग वधूवर.

हायवेवरून चालताना कशेडी घाटातून उतरणाऱ्या ट्रककडे तोंड करून चालत.

पाण्यात उतरताना चपला काढून पिशवीत ठेवत. वाहून गेल्या तर उरलेली वाट कशी चालणार, म्हणून.

घरातल्या कॅलेंडरचं पान महिना संपल्याशिवाय उलटू देत नसत. ‘उद्या येतो’ असं म्हणत नसत. ‘आलो की दिसेन,’ म्हणत.

रऊफ मुकादम हिवतापाचे कर्मचारी होते. पोलादपूरच्या आसपासची घरं त्यांच्याकडे होती. प्रत्येक घरी पंधरवड्यातून एकदा जायचं. कुणाला ताप असेल तर बोटातून रक्त काढून काचेच्या पट्टीवर घ्यायचं, चार गोळ्या द्यायच्या, आणि पट्टी तपासायला न्यायची. प्रत्येक घराच्या दाराशेजारी भिंतीवर गेरूने आखलेला चौकोन असे. जाऊन आल्याची तारीख आणि सही त्या चौकोनात करायची. लोक त्यांना मलेरियावाले म्हणत. मी रऊफभाई म्हणत असे. आमची घरं शेजारीशेजारी होती. मधे एक रामफळाचं झाड होतं.

मी महाडच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झालो आणि घरी बसलो. ते नव्व्याण्णव साल होतं. दोन महिने मला ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेलं त्यांनी पाहिलं. मग एका संध्याकाळी कुंपणाशी आले.

“राहुल, अक्षर कसं हाय तुझं?”

“बरं आहे.”

“माझे अहवाल लिहून दे. माझं अक्षर सायबाला वाचता येत नाय. मला पण येत नाय.”

मी अहवाल लिहू लागलो. महिन्याभराने ते म्हणाले, “नुसती गावांची नावं लिहितोस. एकदा बघ तरी. पुस्तकातला डोंगर कधी चढायला लागत नाय, म्हणून तुमची ढेरी सुटते.”

मला ढेरी नव्हती. पण मी गेलो.

त्यांच्या फेऱ्यांमध्ये सगळ्यात लांबची फेरी एक गुरुवार सोडून असे. ती गोल होती. सकाळी सहाला घरून निघायचं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीतून हायवेला लागायचं. कशेडीच्या बाजूला दोन मैल चालून डावीकडे शेतात उतरायचं. बांधाबांधाने डोंगराच्या पायथ्याशी गेलं की पऱ्या लागतो. डोंगरातून येणारा ओढा, उन्हाळ्यात गुडघ्याएवढाही नसतो. त्याच्या पलीकडे चढावर अकरा घरं. पैलाडवाडी. तिथून पऱ्या पुन्हा ओलांडून डोंगराच्या कुशीने तीन वाड्या करत महाबळेश्वरच्या रस्त्यावर यायचं. रस्त्याने उतरत पोलादपूर बाजारात. बाजारातली घरं, मशिदीमागची घरं, आणि शेवटचं आपलं घर. आपल्या घराच्या भिंतीवरही ते तारीख आणि सही करत. खैरुनबी दारात उभ्या राहून सांगत, “या घरात ताप कोनाला नाय. डोकं मात्र एकाचं फिरलेलं हाय. त्याचं रक्त घ्या.”

पहिल्या फेरीत माझे पाय सुजले. रस्त्याकडेच्या शेवटच्या वाडीत बनुबाई म्हणून एक म्हातारी होती. आम्ही पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. ती ओट्यावरूनच ओरडली.

“आलं का मलेरियावालं? आधी सकाळच्या च्याला यायचंत. आता दिवा लावायच्या टायमाला. आमचं घर काय उष्टी पत्रावळ हाय, शेवटाला उचलायला?”

“बनुबाय, तुमच्या दारात रस्ता हाय. तुमाला एसटी हाय.”

“एसटी काय रगात बघते माझं?”

“तोंड एवढं चालतंय म्हणजे रगात बरं हाय.”

ती हसली. ते हसले नाहीत. सही करून पुढे गेले.

मी विचारलं, आधी सकाळी यायचात म्हणजे काय. ते म्हणाले, आधी ही फेरी उलटी होती. आधी बाजार, मग रस्ता, मग वाड्या, आणि पैलाडवाडी शेवटाला, दुपार टळल्यावर. तिथून हायवेने घरी. सगळे कर्मचारी तसंच करत आले होते. सोपं पडतं. रस्त्यालगतची घरं ताज्या पायांनी पटापट होतात.

“मग बदललं का?”

“बदललं,” एवढंच म्हणाले.

कारण त्यांनी मला एका पावसाळ्यात सांगितलं. सन दोन हजारचा जुलै. पऱ्याला पाणी चढलं होतं. आम्ही काठाशी उभे होतो. ते म्हणाले, वर जाऊ. वर म्हणजे तासभर डोंगर चढून, जिथे पऱ्या दोन खडकांमधून निघतो तिथे. तिथून पार करून पुन्हा तासभर खाली. मी म्हणालो, “एवढ्यासाठी? अकरा घरं तर आहेत. पुढच्या वेळी करू.”

ते खडकावर बसले. चपला पिशवीतून काढून घातल्या. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

शहाण्णवचा जुलै. चार तारखेचा गुरुवार. ते पैलाडवाडीत पोचले तेव्हा चार वाजले होते. पाऊस लागला होता. पुढच्या फेरीला, अठरा तारखेला, पऱ्या ओलांडता येणार नाही हे त्यांना दिसत होतं. दर पावसाळ्यात एकदोन फेऱ्या अशा जात. दिवाळीनंतर साहेब तपासणीला येत तेव्हा भिंतीवरचा चौकोन रिकामा दिसून चालत नसे. त्यावर खात्यातल्या सगळ्यांचा एकच उपाय होता. जाताना पुढची तारीखही लिहून सही करून टाकायची. रऊफभाईंनी तोवर तसं केलं नव्हतं, चौकोन रिकामा ठेवून बोलणी खाल्ली होती. अकराही घरांवर त्यांनी ४ जुलै लिहिलं, सही केली. खाली १८ जुलै लिहिलं, सही केली. कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

वाडीतलं सातवं घर कोंडाजी शेलारांचं. त्यांची बायको ठकूबाई. बारा तारखेला ठकूबाईला थंडी वाजून ताप आला. एक दिवसाआड येऊ लागला. कोंडाजी म्हणाले, चल, पोलादपूरला नेतो, डोलीत घालून नेतो. तेव्हा वर जाऊन पऱ्या ओलांडता येत होता. चौघांनी उचलून नेलं असतं. ठकूबाईने शाळेत जाणाऱ्या नातीला भिंत वाचायला लावली. नातीने वाचलं. अठरा जुलै. खाली सही.

“गुरुवारी येतायत की ते,” ठकूबाई म्हणाली. “भितीवर लिवलंय. लावणीचे दिस. चार मान्सं कशाला मोडायची माज्यापायी? त्यांच्या गोळीनं उतरतो.”

तिचा भरवसा चुकीचा नव्हता. त्या भिंतीवर लिहिलेल्या तारखेला रऊफभाई आले नाहीत असं त्या घराने कधी पाहिलं नव्हतं. तारीख आल्यावर लिहितात, हे लिहून गेलेल्या माणसाला माहीत होतं. वाचणाऱ्यांना आल्यावर लिहिलेली आणि येण्याआधी लिहिलेली सारखीच.

गुरुवारी ठकूबाई ओट्यावर येऊन बसली. दिवसभर पऱ्याच्या वाटेकडे बघत होती. रऊफभाई त्या दिवशी तिन्ही वाड्या करून रस्त्याने परत फिरले होते. त्यांच्या दृष्टीने पैलाडवाडीचं काम झालेलं होतं. रात्री ती बरळू लागली. शुक्रवारी दुपारी गेली.

“पहिल्या दिवशी रक्त घेतलं असतं, तर?” मी विचारलं.

“वाचली असती. मेंदूत जाणारा मलेरिया होता. पण दिवस होते हातात. सहा दिवस.”

ऑगस्टमध्ये ते पैलाडवाडीत गेले तेव्हा कोंडाजी दारात उभे होते. ते ओरडले नाहीत. भिंतीकडे बोट केलं.

“ही सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मग तुमी आल्तात?”

कोंडाजींनी त्यांना बसायला सांगितलं. आतून सून काळा चहा घेऊन आली. त्यांनी प्यायला. प्यायल्यावर कोंडाजी म्हणाले, “आता म्होरलं लिवू नका. येवा तवा लिवा.”

ते ऑफिसात गेले. साहेबांना झालेलं सगळं सांगितलं. साहेब चांगला माणूस होता. त्याने दार लावून घेतलं आणि म्हणाला, मुकादम, कागदावर अठरा तारखेची भेट झालेली आहे. रुग्णाने तेव्हा ताप नाही म्हणून सांगितलं. तुम्ही घरी जा. रऊफभाई घरी आले. पुढच्या फेरीपासून त्यांनी गोल उलटा फिरवला. पैलाडवाडी पहिली. पाणी चढायच्या आधी, पाय ताजे असताना. चढलंच असेल तर वरून जायला दिवस हातात राहील.

हे सांगून झाल्यावर ते उठले. आम्ही वर गेलो. त्या दिवशी घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले. शहाण्णवनंतरच्या पाच वर्षांत पैलाडवाडीची एकही फेरी त्यांनी चुकवली नव्हती. मी अहवाल लिहीत होतो, जुनेही चाळले होते, म्हणून मला माहीत आहे. सासू वारली तेव्हा माती देऊन निघाले होते. अकिब, त्यांचा मुलगा, कुवेतहून तीन वर्षांनी आला तो गुरुवारी आला. मुंबईहून वीर स्टेशनला उतरला. त्याला आणायला मी गेलो.

गेल्या वर्षीची गोष्ट. दोन हजार एकचा जुलै. आठ तारखेला, रविवारी, त्यांना ताप भरला. सोमवारी सकाळी त्यांनी आपल्याच बोटाला सुई टोचली. मी समोर होतो.

“म्हशीबद्दल विचारू का?” मी म्हणालो.

“म्हैस आत भाकऱ्या करतेय. हळू बोल.”

आतून खैरुनबींनी ऐकलं होतं. त्यांनी परात आपटली.

पट्टी मीच आरोग्य केंद्रात नेली. तिथला तपासनीस सूक्ष्मदर्शकावरून डोकं काढून म्हणाला, निगेटिव्ह. मी धावत परत आलो. रऊफभाईंचा चेहरा उजळला.

“निगेटिव्ह. मग काय नाय. पावसाचा ताप हाय, उतरेल.”

वीस वर्षं त्यांनी जगातल्या तापाचे दोनच भाग केले होते. पट्टीवर दिसणारा आणि न दिसणारा. दिसणारा माणसाला मारतो. न दिसणाऱ्याला ते घाबरत नसत. हजारो लोकांना त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि लोकांना बरं वाटलं होतं.

मंगळवारी ताप उतरला नाही. पोटऱ्या दुखत होत्या. बुधवारी डोळे लाल झाले. खैरुनबी म्हणाल्या, “डोळे बघा आरशात. लढाईतल्या कोंबड्याचे असतात तसे झालेत. महाडला डॉक्टरला दाखवू.”

“रक्त निगेटिव्ह हाय.”

“रक्ताला डोळे नायत. मला हायत.”

“उद्या गुरुवार हाय,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी कुंपणाशी उभा होतो. मला गुरुवारी महाडला एका शाळेत मुलाखत होती. मी इस्त्री केलेला शर्ट हातात धरून म्हणालो, “रऊफभाई, एक फेरी राहिली तर काय होतंय?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काही विसरलोय आणि ते आठवायला मला वेळ देतायत, असं. मला आठवलं. मी खाली बघितलं.

“मुलाखतीला वेळेवर जा,” ते म्हणाले. “आणि तिथं कविता बोलू नको. नोकरी देणारे घाबरतात.”

गुरुवारचं मी पाहिलेलं नाही. कोंडाजींनी सांगितलेलं लिहितो. रऊफभाई साडेआठला पैलाडवाडीत आले. पऱ्याला पाणी होतं पण उतार होता. ते अनवाणी आले होते, पाय फाटलेले. पहिल्या घरापासून सहाव्या घरापर्यंत त्यांनी सह्या केल्या. सातव्या घरी, कोंडाजींच्या, तारीख लिहिली. सही करताना हात भिंतीवर टेकवला आणि तसेच उभे राहिले. कोंडाजींनी विचारलं, काय हो. ते म्हणाले, चार घरं राहिलीत, जरा बसतो. बसले ते आडवे झाले. कोंडाजींना त्यांचे डोळे पिवळे दिसले. वाडीतल्या चौघांनी त्यांना डोलीत घातलं. पऱ्यातून खांद्यावरून नेलं. हायवेला मिनिडोर रिक्षा थांबवली. मिनिडोरमध्ये ते म्हणत होते, डबा, डबा. काचांचा डबा कोंडाजींच्या ओट्यावरच राहिला होता. कोंडाजी म्हणाले, “हाय माज्याकडं. तुमी निजा.”

मी संध्याकाळच्या एसटीने आलो तेव्हा घरात माणसं होती. शुक्रवारी सकाळी त्यांना महाडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने पायांच्या भेगा बघितल्या. लघवी कधी झाली विचारलं. खैरुनबी म्हणाल्या, काल सकाळपासून नाही. डॉक्टर म्हणाला, रविवारीच का नाही आणलं. मी म्हणालो, रक्त निगेटिव्ह होतं. तो म्हणाला, कशासाठी निगेटिव्ह? त्याने एक नाव सांगितलं. लेप्टो. उंदरांमुळे होतो, पाण्यातून, चिखलातून, पायाच्या जखमेतून शिरतो. मी ते नाव पहिल्यांदा ऐकत होतो. वेळेवर साधी गोळी मिळाली तर बरा होतो, असंही तो म्हणाला. ते त्याने म्हणायला नको होतं.

शनिवारी पहाटे मुंबईला हलवलं. जीपमध्ये मी मागे बसलो होतो, त्यांचे पाय माझ्या मांडीवर. वडखळ गेलं. पेणच्या पुढे खैरुनबींनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आता सावकाश चालव. घाई नाय.” ड्रायव्हरला कळलं नाही. मला कळलं. उजाडत होतं.

त्याच दिवशी असरच्या नमाजानंतर पोलादपुरात दफन झालं. पाऊस होता. कोंडाजी पैलाडवाडीहून आले होते. कब्रस्तानाच्या गेटाबाहेर डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन उभे होते. मी म्हणालो, बाबा, आत या, चालतं. ते आले. सगळ्यांनी माती दिली. त्यांनीही दिली. परत जाताना त्यांनी प्लॅस्टिकखालून डबा आणि वही काढली. वही कोरडी होती.

मला नोकरी लागली नाही. सोमवारी मी डबा घेऊन केंद्रात गेलो. डब्यात तीन पट्ट्या होत्या. रऊफभाई पट्टीवर सुकलेल्या रक्तातच पेन्सिलीने नंबर लिहीत आणि त्याच नंबराने वहीत नाव. दोन पट्ट्यांवर नंबर होते. एकशे तेरा, एकशे चौदा. वहीत दोन्ही नावं होती, पैलाडवाडीतलीच. तिसऱ्या पट्टीवर काही नव्हतं. वहीत त्या दोघांच्या वर एकशे बारा आकडा होता. पुढे ‘स्त्री’. पुढे ‘वय ३० अंदाजे’. ‘चार गोळ्या दिल्या’. नावाची जागा कोरी, गावाची कोरी.

तपासनिसाने तिन्ही पट्ट्या रंगवल्या. मी बाकावर बसलो. दोन निगेटिव्ह होत्या. तिसरीवर तो बराच वेळ वाकून होता. मग म्हणाला, “ही आहे. मेंदूत जाणाऱ्यातली आहे. चार गोळ्यांनी भागायचं नाही. कोण आहे ही?”

मी त्याच दुपारी पैलाडवाडीला गेलो. अकराही घरांत विचारलं. कोंडाजी म्हणाले, “आमच्यातली नाय ती. गुरुवारी सकाळी पऱ्याच्या अल्याड लावणीला चाललेल्या बाया होत्या, डोंगरापलीकडच्या. त्यातली एक मागं रेंगाळत होती, इरलं अंगाशी आवळून. ह्यांनी तिला थांबवली. आमचा नातू वरून बघत होता. बाया पुढं गेल्या, ती पळत त्यांच्यामागं गेली. नाव सांगायला थांबली नाय. हे म्हणत होते, वाडी झाली की तिला गाठतो.”

“कुणाच्या लावणीला?”

“लावणी सगळ्यांचीच चालू हाय.”

मी दोन दिवस शेतांतून फिरलो. चार ठिकाणी बाया वाकून लावणी करत होत्या. मला त्यांची तोंडं दिसत नव्हती. गुरुवारी कुणाचं रक्त घेतलं का, असं मी बांधावरून ओरडून विचारलं. एक म्हणाली, “आमचं रगात कोन घेतंय बाबा, जळवा घेतात.” सगळ्या हसल्या. मग परत वाकल्या. डोंगरापलीकडची टोळी बुधवारीच खेडच्या बाजूला निघून गेली, असं मला शुक्रवारी कळलं.

तपासनिसाने पाच दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून ठेवल्या आहेत. पुडीवर त्याने एकशे बारा लिहिलं आहे. रऊफभाईंच्या जागी अजून कुणाला नेमलेलं नाही. पैलाडवाडीची चार घरं, तिथून त्यांच्या स्वतःच्या घरापर्यंतची सगळी घरं आणि ही बाई, एवढं त्यांच्या त्या फेरीतलं राहिलं आहे.